घोडबंदर रोडचा डाएट डबा: एकाच घरात लो कार्ब पण आणि लो फॅट पण

ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एका ताईंचं घरगुती किचन आहे, त्या डाएटचे डबे देतात, आणि त्यात दोन प्रकार आहेत, एक लो कार्ब, म्हणजे पोळी-भात-साखर कमी, आणि एक लो फॅट, म्हणजे तेल-तूप कमी. आम्ही नवराबायकोने एकाच वेळी एकेक लावला, त्याने लो कार्ब आणि मी लो फॅट, आणि पूर्ण उन्हाळा तेच खाल्लं. किचनचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण चांगल्याबरोबर तक्रारीही लिहायच्या आहेत आणि धंदा लहान आहे, दोन मावश्या आणि एक डिलिव्हरीवाला दादा एवढ्यावर चाललेला. पण हल्ली माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत दर दोन बिल्डिंगमागे कोणीतरी डाएट डबा देतंच आणि सगळ्यांची पत्रकं थोड्याफार फरकाने सारखीच असतात, त्यामुळे कुठलाही डबा लावायच्या आधी हे वाचलंत तर उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

दोन वेगळे डबे का, तर आमचे रिपोर्टच वेगळे होते. नवऱ्याचे हातपाय काटक पण पोट सुटलेलं, कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४१ आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, फक्त ३६. माझं ट्रायग्लिसराइड ठीक, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८, आणि माझ्या वडिलांची पन्नाशीतच अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे डॉक्टर माझ्याकडे जरा जास्तच बारीक नजरेने बघतात. आपल्याकडे बाहेरून बारीक दिसणारा माणूस आतून चरबीने भरलेला असू शकतो हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी फार आधी दाखवून दिलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये त्यांचा स्वतःचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, डॉ. युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो आला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून तर आपल्या लोकांसाठी जादा वजनाची रेघ बीएमआय २३ ला धरतात आणि कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटर. "मी कुठे जाडा आहे" म्हणणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला हा फोटो दाखवावा.

आता जेवणाकडे येते. लो कार्बचा डबा २६० रुपये, लो फॅटचा २१०, महिन्याचे पैसे आधी भरले तर थोडे कमी. डबे स्टीलचे, तीन खणांचे, रिकामे दुसऱ्या दिवशी परत न्यायचे, हे मला सगळ्यात आधी आवडलं कारण गरम रस्सा प्लास्टिकमध्ये मला नकोच असतो.

लो कार्बमध्ये सगळ्यात सरस काय असेल तर भरली वांगी. छोटी जांभळी काटेरी वांगी, आत दाण्याचा कूट, सुकं खोबरं, तीळ आणि गोडा मसाला, गूळ अजिबात नाही, आणि तरीही चव कुठे कमी वाटत नाही, कारण कांदा चांगला काळपट होईपर्यंत भाजून वाटलेला असतो आणि तो गोडवा त्यातूनच येतो. बुधवारी आणि शुक्रवारी बांगडा किंवा कोळंबी, तव्यावर रवा न लावता नुसत्या आगळात आणि लाल तिखटात परतलेली, सोबत पडवळाची किंवा दोडक्याची भाजी आणि काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर. हे जेवण बघून कोणाला वाटणारही नाही की हे डाएट आहे. आमच्याकडे कोकणातलं माणूस पोळी नसेल तर चालवून घेईल पण मासा पाहिजेच, त्यामुळे नवरा बुधवार-शुक्रवारची वाट बघायचा आणि त्या दिवशी ऑफिसमधून दोनदा फोन, डबा आला का म्हणून.

पण सोमवार, मंगळवार, गुरुवार म्हणजे बदामाच्या पिठाची पोळी आणि मलई पनीर. इथे माझं आणि त्या ताईंचं चांगलंच वाजलं. ती पोळी उचलली की मधून तुटते, भाजीत बुडवली की लगदा होतो, ते एकवेळ चालेल, पण हिशोब बघा ना. एक पोळी ४० ग्रॅम बदाम पिठाची धरली तर २४० च्या आसपास कॅलरी आणि वीसेक ग्रॅम फॅट, अशा दोन, वर बटरवर परतलेलं मलई पनीर, वर क्रीम. गव्हाचा साधा फुलका शंभरेक कॅलरीचा असतो. कार्ब कमी केले म्हणून काहीही ढिगाने खाल्लं तर चालतं असा जो समज पसरलाय तो या डब्यात पुरेपूर उतरलेला. मी विचारलं की ताई रोज भरली वांगी आणि मासे द्या की, ते पण लो कार्बच आहे, तर म्हणाल्या, "अहो मॅडम, पोळी दिसली नाही तर लोकं डबाच बंद करतात." त्यांची अडचण मला कळते. तरी पण पोळीसारखं दिसणारं काहीतरी, भातासारखं दिसणारं काहीतरी, असं करत गेलं की जेवणाचा आत्माच जातो. त्यांचा फ्लॉवरचा भात तर मी कोणालाच सुचवणार नाही, पाणी सुटलेला आणि वाफाळलेल्या फ्लॉवरचा वास डबा उघडताच नाकात, त्यापेक्षा फ्लॉवर-मटारची सरळ कोरडी भाजी दिली असती तर मिटक्या मारत खाल्ली असती.

माझा लो फॅटचा डबा दिसायला गरीब पण पहिल्यापासून जास्त प्रामाणिक. ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी, मुगाचं किंवा तुरीचं वरण, एक पालेभाजी, मटकी किंवा चवळीची उसळ, कोशिंबीर ताज्या दह्यातली. भाकरी खरोखर हातावर थापलेली, कडेला बोटांच्या खुणा दिसतात, आणि दुपारी दीड वाजता सुद्धा मऊ, कारण मलमलच्या फडक्यात गुंडाळून देतात. अंबाडीची भाजी एकदा आली होती, तांदळाच्या कण्या आणि डाळ घालून, त्या दिवशी मी ताईंना फोन करून धन्यवाद दिले.

पण फोडणी नाही! वरणाला नुसतं मीठ, हळद, हिंग. आता कळलं की लो फॅट म्हणजे तेलाचा थेंबही नको असं त्यांनी धरलंय. एक चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, चार माणसांच्या वरणाला मिळून एक चमचा तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, लसूण टाकली तर कोणाचं वजन वाढणार आहे हो? उलट बेचव म्हणून मी संध्याकाळी फरसाणाच्या डब्याकडे जाणार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये ज्या आहाराच्या सूचना काढल्या त्यात २००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय, म्हणजे दिवसाला पाचेक छोटे चमचे, त्यात फोडणी आरामात बसते. हे त्यांना दाखवल्यावर फोडणी सुरू झाली, लसणीची, आणि त्या दिवसापासून वरण संपायला लागलं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. लो फॅटच्या डब्यात शेवटच्या खणात रोज "फॅट फ्री गोड" असायचं, कधी साय काढलेल्या दुधातली साबुदाण्याची खीर, कधी बाजारातलं फळांच्या चवीचं दही. आता साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात साखर, आणि त्या दह्याच्या डब्यावर मागे बारीक अक्षरात वाचलं तर दुधानंतर लगेच साखरच लिहिलेली. फॅट काढलं की चव जाते आणि ती भरून काढायला साखर घालतात, हे सगळ्या जगात झालंय. अमेरिकेत १९८० च्या आहार सूचनांमध्ये फॅट कमी करा असं सरकारनेच सांगितलं, मग कंपन्यांनी लो फॅटची बिस्किटं, लो फॅटचे केक काढले, लोकांनी ते पोटभर खाल्ले आणि वजनं काही उतरली नाहीत. आमच्या डब्यातली खीर म्हणजे त्याचीच लहान बहीण. मी सांगितलं की गोड बंद करा, पेरू द्या, पपई द्या, आणि त्यांनी ऐकलं हे मोकळेपणाने सांगते, दुसऱ्या आठवड्यापासून माझ्याच नाही तर सगळ्यांच्या डब्यात पेरूच्या फोडी तिखटमीठ लावून यायला लागल्या.

आता त्या पत्रकाबद्दल. डबा सुरू करताना ते एक चकचकीत पत्रक देतात, त्यावर लिहिलंय की लो कार्ब हे लो फॅटपेक्षा दुप्पट वेगाने वजन उतरवतं हे शास्त्राने सिद्ध झालंय, आणि खाली ६००० रुपयांचं डीएनए टेस्टचं पॅकेज, तुमच्या जीन्सला कुठलं डाएट लागू पडेल ते सांगणारं. आमच्या सोसायटीत मागे डॉ. दीक्षितांचं डाएट की ऋजुता दिवेकरांचं यावरून दोन वर्षं वाद चालले, दोन वेळाच जेवायचं की थोड्या थोड्या वेळाने, लोक अक्षरशः बोलेनासे झाले एकमेकांशी, त्यामुळे अशी ठाम वाक्यं वाचली की मी आधी मूळ अभ्यास शोधते. आणि नेमका याच प्रश्नावर एक मोठा आणि चांगला अभ्यास झालेला आहे.

स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांचा, डाएटफिट्स नावाचा, जामा या जर्नलमध्ये फेब्रुवारी २०१८ ला आला. ६०९ जादा वजनाची माणसं, कोणालाही डायबेटिस नाही, अर्ध्यांना चांगलं लो फॅट आणि अर्ध्यांना चांगलं लो कार्ब, पूर्ण वर्षभर. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितलं नव्हतं, पण दोन्ही गटांना एक गोष्ट सारखी सांगितली होती, भाज्या भरपूर, साखर आणि मैदा जमेल तितका कमी, घरी शिजवा, पाकिटातलं टाळा. वर्षाच्या शेवटी लो फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं आणि लो कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे हिशोबाने धरावा असा फरकच नाही. दुप्पट वगैरे तर सोडाच. आणि डीएनएचं काय, तर तेही त्यांनी तपासलं होतं, कोणाच्या जीन्सचा नमुना लो फॅटला बरा आणि कोणाचा लो कार्बला असं आधीच पाडून ठेवलं होतं, शिवाय इन्शुलिन किती सुटतं तेही मोजलं होतं, आणि दोन्हीपैकी कशावरूनही कोणाचं वजन कशाने जास्त उतरेल हे सांगता आलं नाही. त्यामुळे ते ६००० रुपये वाचवा. एवढ्या पैशात जांभळी नाक्याच्या बाजारातून महिनाभर भाजी आणि फळं येतील.

मला त्या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. एकाच गटात, एकच डाएट सांगितलेल्या माणसांमध्ये कोणाचं जवळजवळ ३० किलो उतरलं आणि कोणाचं चक्क दहाएक किलो वाढलं. दोन डाएटमधला फरक किलोभराचाही नाही आणि माणसामाणसातला फरक चाळीस किलोचा! म्हणजे कुठला डबा लावला यापेक्षा तो डबा तुम्ही किती महिने आवडीने खाता यावरच सगळं येऊन थांबतं, आणि म्हणूनच मी फोडणीसाठी एवढी भांडले.

आमचं काय झालं ते पण लिहिते, दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे धरूनच वाचा. नवऱ्याचं वजन पहिल्याच आठवड्यात दोन किलो खाली, तो खूश, ताईंनी त्याचा फोटोही मागितला. पण ते बहुतेक पाणी असतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजनच्या, एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, कार्ब तोडले की तो साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं, पुन्हा वरणभात खाल्ला की परत येतं. त्यामुळे कोणी पहिल्या आठवड्याचा आकडा दाखवून डबा विकत असेल तर मनावर घेऊ नका. नंतर मात्र हळूहळू उतरलं आणि ते टिकलं. त्याला पहिले काही दिवस डोकं दुखणं, पायात गोळे आणि बद्धकोष्ठ हे तिन्ही झालं, किचनकडून याबद्दल एक शब्द सांगितलेला नव्हता, मग ताक मीठ घालून, पाणी जास्त आणि पालेभाजी दुप्पट केल्यावर ठीक झालं. माझं वजन पहिल्या महिन्यात काडीभर हललं आणि मग एका संथ लयीत उतरत गेलं. उन्हाळ्याच्या शेवटी दोघांच्या उतरलेल्या वजनात फार फरक नव्हता.

रिपोर्टमध्ये मात्र फरक होता आणि तो बघण्यासारखा आहे. त्याचं ट्रायग्लिसराइड २४१ वरून १५२, एचडीएल थोडं वर, पण एलडीएल ११९ वरून १४३. माझं एलडीएल १५८ वरून १३९, आणि ट्रायग्लिसराइड जिथल्या तिथे. मी चपापलेच त्याचं एलडीएल बघून. पण गार्डनर यांच्या अभ्यासातही ढोबळमानाने हाच कल होता, लो कार्बवाल्यांचं ट्रायग्लिसराइड सरासरी २८ ने उतरलं, लो फॅटवाल्यांचं फक्त १० ने, एचडीएल लो कार्बमध्ये जरा वाढलं, पण एलडीएल लो फॅटमध्ये दोनेक अंकांनी उतरलं आणि लो कार्बमध्ये साडेतीनेक अंकांनी चढलं. त्यांच्याकडे एलडीएल सरासरी एवढंच चढलं, नवऱ्याचं बरंच जास्त चढलं, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "लोणी, क्रीम, खोबरेल किती?" आठवड्यातले तीन दिवस बटर पनीर, शिवाय ताईंनी सकाळी कॉफीत लोणी घालून प्या म्हणून सांगितलेलं! ते बंद केलं, पनीर आठवड्यातून एकदाच आणि तेही शेंगदाणा तेलात, बाकीचे दिवस मासे, अंडी, मोड आलेली कडधान्यं, आणि पुढच्या तपासणीत एलडीएल १२२ वर आलं, ट्रायग्लिसराइड न वाढता. कार्ब त्याने परत वाढवले नव्हते. बदललं ते फॅट कुठलं एवढंच.

हृदयासाठी नुसतं लो फॅट पुरत नाही हे सुद्धा कळून चुकलेलं आहे. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा प्रचंड अभ्यास झाला, पाळी गेलेल्या ४८,८३५ बायका, त्यातल्या एका गटाला फॅट कमी करायला शिकवलं आणि आठेक वर्षं मागोवा घेतला, २००६ मध्ये निकाल आला, हार्ट अटॅक आणि पक्षाघातात म्हणावा असा फरक नाही. उलट स्पेनच्या प्रेडिमेड नावाच्या अभ्यासात ७,४४७ माणसांपैकी ज्यांना ऑलिव्ह तेल किंवा रोज मूठभर अक्रोड-बदाम दिले त्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके साधारण ३० टक्क्यांनी कमी आले, आणि तुलनेचा गट कोणता, तर ज्यांना फॅट कमी खा म्हणून सांगितलं होतं तो. तो अभ्यास २०१३ चा, गटवाटणीत गडबड झाली म्हणून मागे घेऊन २०१८ मध्ये नव्याने हिशोब करून छापला, तरी निष्कर्ष तसाच राहिला. आपल्याकडे कोणी वरणावर ऑलिव्ह तेल ओतावं असं माझं म्हणणं नाही, पण शेंगदाणे, तीळ, जवसाची चटणी, बांगडा, तारली हे एका बाजूला आणि वनस्पती तूप, बेकरीची खारी, लोणी-क्रीम दुसऱ्या बाजूला, हे दोन्ही "फॅट" या एकाच शब्दात कोंबून डबा बनवणं बरोबर नाही. या किचनच्या लो फॅटच्या डब्यात जवसाची चटणी बंद होती, मी मागून घेतली, एक चमचा, आता मेनूवर आहे.

आणि कार्बच्या बाबतीत आपला खरा प्रश्न काय आहे ते पण बघा. आयसीएमआर-इंडियाब हा डायबेटिसचा देशभरातला अभ्यास, त्याचा आहाराचा भाग २०२५ मध्ये छापून आला, त्यात भारतीयांच्या कॅलरींपैकी साधारण ६२ टक्के नुसत्या कार्बमधून येतात असं दिसलं, बहुतेक पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर. आणि मला धक्का देणारी गोष्ट ही की नुसता भात काढून त्या जागी तेवढीच गव्हाची पोळी किंवा भाकरी खाल्ली तर डायबेटिसचा धोका कमी दिसला नाही, एकूण कार्ब कमी करून ती जागा डाळी, दूध-दही यांच्या प्रोटीनने भरली तर कमी दिसला. भाकरी पौष्टिक म्हणून तीन-तीन खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला पाहिजे. ४० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतातच. माझ्या डब्यात आधी दोन भाकऱ्या आणि वरण पातळ असायचं, आता एक भाकरी आणि उसळ वाटीभर घट्ट, आणि चार वाजताची भूक गेली.

ही सगळी भांडणं झाल्यावर आमचे दोन डबे एकमेकांसारखे दिसायला लागले. त्याच्यात मासा किंवा उसळ, दोन भाज्या, कोशिंबीर, भाकरी नाही. माझ्यात उसळ, दोन भाज्या, कोशिंबीर, एक भाकरी. मैदा नाही, साखर नाही, बदामाची पोळी नाही, खीर नाही. आणि याच महिन्यांमध्ये दोघांनाही सगळ्यात बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र किचनने ताबडतोब बदलायला हवी आणि ही मी त्यांना लेखी पण दिलीये. डबा लावताना ते वजन, उंची, आवडनिवड विचारतात पण औषधं विचारत नाहीत. आमच्या मजल्यावरच्या काकांना डायबेटिसची ग्लिमेपिराइड चालू आहे, त्यांनी नवऱ्याचं बघून लो कार्ब लावला, गोळी तेवढीच ठेवली, आणि एका दुपारी घामाघूम, हात थरथरायला लागले, साखर मोजली तर ५८. काकूंनी लगेच साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. इन्शुलिन किंवा असल्या गोळ्या चालू असतील तर कार्ब कमी करायच्या आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायलाच पाहिजे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा डायबेटिसच्या गोळ्यांवर असाल तर एकदम कार्ब तोडल्याने कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेतण्याचा, धोका असतो, आणि तो रक्तातली साखर फार न वाढताही होऊ शकतो, म्हणून पटकन लक्षात येत नाही. किडनीचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर असला डबा स्वतःच्या मनाने नकोच. कृपा करून हे हलक्यात घेऊ नका.

बाकी सेवेबद्दल. डिलिव्हरी मेट्रोच्या कामामुळे आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे पुढेमागे होते, साडेबाराचा डबा कधी पावणेदोनला, पण दादा फोन करून सांगतो आणि त्याच्या वागण्याला तोड नाही, पावसात डबा पिशवीत दुहेरी गुंडाळून आणायचा. नौपाडा, पाचपाखाडीला ते स्टेशनकडच्या दुसऱ्या माणसाबरोबर पाठवतात, तिकडे राहणाऱ्या माझ्या नणंदेचा अनुभव आहे की डबा गार होऊन येतो. सुट्टी आधल्या रात्री नऊच्या आत कळवली तर पैसे पुढच्या महिन्यात वळते करतात, याबाबतीत एकदाही कटकट झाली नाही. उपासाच्या दिवशी लो फॅटमध्ये साबुदाण्याची खिचडी येते, ती मी बंद करून भगर आणि दाण्याची आमटी मागते, आधी सांगितलं तर करून देतात.

माझ्याकडून लो फॅटला पाचपैकी चार, फोडणी, जवस आणि पेरू धरून. लो कार्बला माशांच्या दिवशी साडेचार आणि बदाम पोळीच्या दिवशी दोन. लावायचाच असेल तर आधी आठवड्याचा ट्रायल घ्या, ते देतात, त्यात एक दिवस तरी पनीरचा आणि एक दिवस माशाचा येऊ दे, लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची रक्ततपासणी, डबा सुरू करायच्या आधी आणि तीन महिन्यांनी दोन्ही वेळा करा, आणि ताईंना पहिल्याच फोनवर सांगून टाका, बदामाची पोळी नको, त्याऐवजी भाजी दुप्पट द्या, त्या पैसे तेवढेच घेतात पण भाजी खरंच दुप्पट देतात.